कालपर्यंत तर चालत होती!

ए, इकडे बघ ना! जिन्याखाली, सायकलींच्या मागे. हिरवी, एका आरशाला रबरबँड लावलेली. हां, मीच. स्कूटर बोलतेय.

वय वर्षं सत्तावीस. या वयात माणसांना स्थळं बघतात आणि आम्हाला भंगारात काढतात. अन्याय आहे ना, यार? मी गियरवाली, किकवाली. ते बटण दाबलं की सुरू, असलं माझ्यात काही नाही. मला जागं करायचं तर पायात दम पाहिजे, बॉस.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. ताज्या रंगाचा वास आठवतो, बस. खरी मी सुरू झाले ती इथे, चारकोपला. आमचे आजोबा, म्हणजे गुणाजी तावडे, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करायचे. गिरणी बंद झाली तसे ते कांदिवलीला आले, इथल्या एका छोट्या कारखान्यात मशीन सांभाळायला लागले आणि दुसऱ्याच वर्षी मला घेऊन आले. रुक्मिणीआजीने हार घातला आणि माझ्या चाकापुढे नारळ असा काही आपटला की करवंटी उडून मडगार्डवर बसली. तो पोचा अजून आहे. माझी जन्मखूणच ती.

वर्षातून एकदा आमची मनोरीची ट्रिप. आजीची बहीण जयंती तिकडे दिलेली. मार्वेपर्यंत रस्त्याने, मग मला बोटीवर चढवायचं. आजी पूर्ण वेळ माझं हँडल घट्ट धरून उभी, जशी काय मीच पाण्यात उडी मारणार आहे!

मग आजोबांचे गुडघे गेले. मुलाने कार घेतली. माझ्यावर ताडपत्री पडली आणि ताडपत्रीवर मांजर. सहा वर्षं, यार. सहा वर्षं मी त्या मांजरीची गादी होते.

मला परत बाहेर काढलं ते श्रुतिकाने. आजोबांची नात. इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रात आहे, दिवसभर लोकांना फोनवर सांगते, "सर, लाइट लाल आहे की हिरवा?" गेल्या वर्षी ती माझ्यावर शिकली. मंडईत मी, आजोबांना डॉक्टरकडे न्यायला मी. धूर सोडत, खोकत, पण चालत होते ना!

आणि मग सोसायटीची मीटिंग झाली. पार्किंगमध्ये बंद गाड्यांचा ढीग झालाय, म्हणून ठरलं की रविवारी पाच वाजता भंगारचा टेम्पो येणार. ज्याने गाडी चालू करून दाखवली त्याला स्टिकर, बाकीच्या टेम्पोत. सगळ्यात आधी सही कुणी केली? आमच्या आजोबांनी. छाती काढून म्हणाले, "माझी काय बंद नाय. बंद पडली तर मीच हातान टेम्पोत चढवीन."

श्रुतिका म्हणाली, "स्टिकरच्या आधी सर्व्हिस करूया. झकास दिसली पाहिजे."

झालं. तिथेच वाट लागली.

शनिवारी सकाळी माझं बगलेतलं झाकण उघडलं. आजोबा प्लास्टिकच्या स्टुलावर, श्रुतिका जमिनीवर पेपर पसरून. आजीने आजोबांचं जुनं बनियन फाडून फडकी दिली. आजोबांचं गिरणीतलं शिक्षण सुरू झालं: "मशीनचा उघडा तोंड दिसला की आधी त्यात बोळो कोंबूचो. नट आत पडलो तर मशीन गेला. आणि जेणा कोंबल्यान, तेणाच काढूचो. दुसऱ्यान हात लावूचो नाय."

"हो आजोबा, दहा वेळा सांगून झालं!"

प्लग घासला, ऑइल टाकलं. मग एअर फिल्टरचा स्पंज धुवायला ती वर गेली. आजोबा माझ्याजवळ बसून होते, आत काहीतरी खुडबुड चालली होती. तेवढ्यात गॅलरीतून आजी ओरडली, "अहो, च्या निवता हा!" आणि ते गेले. नंतर श्रुतिका एकटीच खाली आली, स्पंज बसवला, अंधारात चाचपडत स्क्रू पिळले, झाकण लावलं. सीटवर पावडरचा हात फिरवला. मी अशी चमकत होते म्हणून सांगू!

किक मारली. फस्स.

परत मारली. फस्स. वीस किका. काही नाही.

खरं सांगू? मलाच कळेना मला काय झालंय. घशात काहीतरी मऊ अडकल्यासारखं वाटत होतं. पण काय, ते मला कसं दिसणार? तुला तुझा घसा दिसतो का?

रविवारी सकाळी तर अख्खी बिल्डिंग जमली. माणसांची एक गंमत आहे. बंद स्कूटर दिसली की शर्टाच्या बाह्या आपोआप वर जातात. पहिल्या मजल्यावरचा देवेश, स्वतः चार्जिंगची गाडी फिरवतो, तो म्हणाला, "हट, मी दाखवतो," आणि त्याची चप्पल उडून थेट गटारावर. कुणीतरी म्हणालं तिरकी करा. म्हणून मला जमिनीला कान टेकेपर्यंत आडवी केली. या देशात अशी एक स्कूटर नसेल जिला कुणी तिरकी केली नाही! देवेश म्हणाला, "चोक ओढ, चोक." ओढला. माझा जीव अजूनच घुसमटला.

"श्रुतिका, तू नक्की सर्व्हिस केलीस ना? की पोस्टमॉर्टेम?"

"देवेश, तू तुझी चप्पल शोध."

पण तिचा चेहरा उतरला होता. चालती गाडी होती, तिनेच हात लावला आणि बंद पडली.

साडेचारला आजोबा हळूच आले आणि माझी डिकी उघडली. आतून आजीचा जुना स्कार्फ काढला. एक कंगवा. मनोरीच्या बोटीची पिवळी पडलेली दोन तिकिटं. सगळं खिशात ठेवलं. कुणाकडे बघितलं नाही. माझ्या टाकीतलं पेट्रोल थिजल्यासारखं झालं, शप्पथ.

श्रुतिकाने ते बघितलं. आणि अचानक ओरडली, "सगळे लांब व्हा! कुणी हात लावायचा नाही. मी फोनवर लोकांना काय सांगते? एका वेळी एकच गोष्ट बघा."

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. प्लग काढला. ओला. "म्हणजे पेट्रोल येतंय." पुसला, वायरीला लावून इंजिनला टेकवला, देवेशला हळूच किक मारायला लावली. निळी ठिणगी, चट! "करंट पण आहे." प्लग परत लावला. किकला दाब लागत होता. "दम पण आहे. मग हिच्यात नाही ते काय?"

सेक्रेटरी सुबोधकाका स्टिकरचं बंडल घेऊन आले, पांढरा शर्ट, इस्त्री कडक. "श्रुतिका, मला पण वाईट वाटतंय गं. पण रूल म्हणजे रूल. टेम्पो सिग्नलला आलाय."

आणि त्याच वेळी आजी खाली आली. टेम्पोसाठी नाही. हातात बालदी.

"गो श्रुतिका, माझे फडके खंय? चार फाडून दिललंय, धुवूक तीनच इले. चवथो खंय गेलो?"

"आजी, प्लीज! इथे गाडी चाललीय आणि तुला फडक्याचं पडलंय?"

"पडला म्हणजे? बनियान काय झाडाक लागता?"

देवेश फिस्सकन हसला. श्रुतिका पण हसणार होती. पण तिचं तोंड अर्धं उघडं राहिलं. "हवा," ती पुटपुटली. "पेट्रोल आहे, ठिणगी आहे. हवा नाहीये."

तिने झाकण उघडलं, फिल्टर बाहेर काढला आणि दोन बोटं माझ्या घशात घातली. आई गं, त्या बोटांना ते मऊ लागलं! मला वाटलं आता खेचेल. पण ती थांबली. तिने हा बोळा कोंबला नव्हता. ती तेव्हा वर बाथरूममध्ये स्पंज धूत होती. खाली कोण होतं?

तिने आजोबांकडे बघितलं. मग बोटं बाहेर घेतली आणि बाजूला सरकली.

"आजोबा, तुम्ही काढा."

आजोबा कण्हत खाली वाकले, हात घातला आणि ओढलं. लांबलचक, काळंकुट्ट, पेट्रोलने भिजलेलं त्यांचंच बनियन.

"श्रुतिका विसरली वाटतं," सुबोधकाका म्हणाले.

"हो काका, मीच..."

"खोटा कित्याक बोलतस?" आजोबा ते फडकं बघत राहिले. "मी कोंबलंय. च्या पिऊक गेलंय नि इसरलंय. तीस वर्सां गिरणीत एकदा इसरूक नाय."

आजीने फडकं त्यांच्या हातातून घेतलं, पिळलं, बालदीत टाकलं. "चार झाले," म्हणाली. बस, एवढंच.

"आणि आजोबा," श्रुतिका म्हणाली, "अर्धा नियम तुम्ही पाळला नाही, अर्धा मी पाळला. मी हात नाही लावला."

आजोबांना हसू आलं. "मार किक, शाणी!"

एक. फस्स. दोन. फट्. तिसऱ्या किकला मी दोन दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला! असा धूर काढला, असा धूर, की सुबोधकाकांचा पांढरा शर्ट राखाडी झाला. ते खोकत खोकत स्टिकर चिकटवत होते आणि मागे टेम्पो रिकाम्या पोटी हॉर्न वाजवत होता. आजोबांनी खिशातून स्कार्फ, कंगवा, तिकिटं काढली आणि डिकीत जागच्या जागी ठेवली.

तर सध्या मी अशी आहे. नाकावर स्टिकर, आणि डिकीत ती चार फडकी, धुतलेली. आजीने प्रत्येकाला लांब लाल दोरी शिवलीय. बोळा कोंबला तरी दोरी बाहेर लोंबत राहते. आजोबा आधी चिडले, "माका काय पोर समजतास?" आता काम झालं की स्वतःच दोरी शोधतात.

एकच मागणं आहे तुझ्याकडे. सर्व्हिस करून आणलेली एखादी म्हातारी गाडी गप्प बसलेली दिसली ना, तर लाथांचा कार्यक्रम थोडा थांबव. शेवटचा हात कुठे लागला होता, ते आधी विचार. आणि कुणाचा लागला ते कळलं, तर श्रुतिकासारखा जरा बाजूला सरक.

चल, ती आली बघ चावी फिरवत. मागे आजी, स्कार्फ बांधून. आज मनोरी! आजोबा रिक्षाने मार्वेला पुढे गेलेत, बोटीवर माझ्यासाठी जागा धरायला.

जरा लांब हो रे. धूर येईल.