पाठीवरचं मीठ

मी घामाची ग्रंथी बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्याही अंगात माझ्या लाखो बहिणी आहेत. मी राहते एका पोरीच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध. पोरगी चणीनं लहान, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात.

कातडीच्या तळाशी माझं वेटोळं आहे. अंग तापलं की तिथं खारट पाणी भरतं. ते एका बारीक नळीतून वर चढतं आणि वाटेत त्यातलं बरंचसं मीठ मी ओढून घेते, रक्ताला परत देते. पाणी बाहेर, मीठ घरात. पण पाणी सावकाश आलं तरच. लोंढा आला की माझे हात पुरत नाहीत, मीठ निसटतं.

मुंगीनं कॉलेज सोडलं. "वर्गात जांभया देण्यापेक्षा तुमच्या लाँड्रीत इस्त्री करेन आणि मैदानावर पळेन," असं तिनं बाबांना तोंडावर सांगितलं. बाबा कितीतरी दिवस धुसफुसत होते. बिनपगारी माणूस मिळाल्याचं मात्र बोलले नाहीत.

मैदानावरच्या सरांची एक पद्धत होती. सराव संपला की सगळ्यांनी कपडे बदलायचे आणि काळे शर्ट दोरीवर वाळत घालायचे. ज्याच्या शर्टावर पांढरे डाग जास्त, त्याची मेहनत जास्त. सरांच्या सरांनी असंच पाहिलं, म्हणून हेही असंच पाहत. मनगटावरचं घड्याळ नुसतं शोभेला.

सुरुवातीला मुंगीचा शर्ट चुना फासल्यासारखा व्हायचा. शाबासकी मिळायची. पण इस्त्रीच्या वाफेत उभं राहून, उन्हात पळून पळून मी तयार झाले. घाम लवकर सोडू लागले, भरपूर सोडू लागले, मीठ मात्र घट्ट धरायला शिकले. मुंगीचा वेग वाढला आणि शर्ट कोरा राहू लागला.

"काय गं, आजकाल सावलीत पळतेस का?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"सर, मी पहिली आले."

"पहिलं काय, कुणीही येतं. अंग मोडून पळायला शिक."

घरी बाबांचीही तीच री. "सरांचे केस उगाच पिकलेत का? तूच अंग चोरत असशील."

सरांच्या धावण्याच्या संघात एकच जागा उरली होती. मुंगीला ती हवी होती, इतकी की निवडीच्या दिवशी तिनं शर्टावर बाबांचं जाड जाकीट चढवलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. असा लोंढा आला की मी मीठ धरू तरी कुठं? वर ती घटाघट साधं पाणी पीत होती. मीठ चाललंय, पाणी येतंय. रक्त पातळ होत गेलं. शेवटच्या फेरीत तिला मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले. लंगडत लंगडत ती सगळ्यांच्या मागून पोचली.

शर्ट वाळला. पांढराफटक.

"याला म्हणतात मेहनत! मुंगी संघात," सर म्हणाले. पहिली आलेली मुलगी बघतच राहिली.

"सर, मी शेवटची आले."

"शर्ट खोटं बोलत नाही, पोरी."

"मग शर्टालाच पळवा." तिनं तो दोरीवरून ओढला आणि सरांच्या हातात कोंबला.

न्यायला आलेले बाबा कानकोंडे झाले. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठे असं बोलतात?"

जागा सरांनी दुसऱ्या एका पांढऱ्या शर्टाला दिली.

बाबांनी माफी मागितली नाही. मोठी माणसं मागत नाहीत. पण घरी आल्यावर त्यांनी पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर ढवळली, ग्लास इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवून चादरींच्या घड्या घालत राहिले. मुंगी घोट घोट प्यायली. तिच्या पोटऱ्या हळूहळू सैल झाल्या.

आता ती एकटीच पळते. संघ नाही, पाठीवर थाप नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, कुणाची मेहनत बघायची असेल तर त्याला पळताना बघा. माझ्याकडे पुरावा मागू नका. मी कामात जितकी मुरते, तितकी माझी खूण पुसट होते. येते आता, मुंगीनं बुटांच्या नाड्या बांधल्यात.