लायनरच्या रेघा

"काका, बोला कायतरी," प्रीतम म्हणाला.

म्हातारा मिस्त्री गुरुदास इंजिनावर वाकला होता. देवगड बंदरात ओढून आणलेल्या फुटक्या होडीचं, त्यानेच दुरुस्त केलेलं इंजिन त्याने खोललं होतं. पिस्टन ज्या लोखंडी नळीत वरखाली होतो, त्या लायनरमध्येच तो चावून बसला होता. ऐन खडकांपाशी इंजिन जाम झालं आणि प्रीतमचा धाकटा भाऊ अजय बुडाला. प्रीतमचं डोकं अजून तुळतुळीत होतं.

लायनरच्या खालच्या काठाला, जिथे पिस्टन पोचतच नाही, तिथे गुरुदासने नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

नव्या लायनरला तो आतून दगड फिरवून फुल्याफुल्यांच्या बारीक रेघा पाडत असे. कातळसड्यावरच्या खळग्यांत पाणी राहतं, तसं त्या रेघांत तेल राहतं. नाहीतर लोखंड लोखंडाला खातं. या लायनरलाही त्याने रेघा पाडल्या होत्या; खालच्या काठाला तरी त्या उरायला हव्या होत्या. मग खंडेनवमीला त्याच्या बायकोने, यशोदेने हातोडे, पाने आणि लायनर पूजेला मांडले. तिची बोटं काळी दिसली म्हणून त्याने विचारलं, तर हसली होती. "सगळा लखलखीत केलंय."

सगळा. म्हणजे लायनरसुद्धा. आणि मोतीबिंदूच्या धुक्यात त्याने तो तसाच बसवला होता.

"लायनरच खराब होतो काय?" प्रीतमने विचारलं.

"लायनर बरो होतो. रेघो बरोबर पडूक नाय. माझी चूक. डोळ्यांनी दिसणा नाय रे माका."

"दिसणा नाय तर हात कित्याक लावलंस?" प्रीतमचा धीर सुटला आणि तो एकेरीवर आला. "भाव गेलो माझो!"

गुरुदासने मान खाली घातली.

घरी यशोदा ओट्यावर वाट पाहत होती.

"काय गावला इंजिनात?"

"माझीच चूक."

ती जवळ सरकली. "माका वाटलाच. त्या लायनरात किती ओरखडे पडले होते! लोकांनी तुमका हसा नये म्हणान मी पॉलिशपेपर मारून काढलंय सगळे." तिचा आवाज चिरकला. "आणखी घासूक होया होता काय ओ?"

गुरुदासने तिची बोटं हातात घेतली.

"नाय गो," तो म्हणाला. "तू बरा केलंस."

समोरून खलाशी बंदराकडे निघाले होते. कोण ते त्याला ओळखू आलं नाही. सवयीने त्याने हात वर केला. कोणी थांबलं नाही.