शिवलिंगप्पांचा चेहरा

लातूर जिल्हा स्वतंत्र झाला, त्यानंतरच्या दुष्काळात मुरुडचे किराणा दुकानदार शिवलिंगप्पा वारले. त्यांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. आपण त्यांचे रूप विसरून जाऊ, या धास्तीने विधवा गुरम्मा त्यांना भिंतीवर उतरवू लागली. गेरू कालवायला पाणी नव्हते, म्हणून कोळशाने.

नातलग जमले. हयातीत शिवलिंगप्पांकडे कोणी धड पाहिले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाचे मत ठाम होते.

"नाक लई बसकं केलंस," नणंद कमलम्मा म्हणाली.

"मिशी कुठं हाय?" दीर धोंडप्पाने विचारले.

"मिशी मामंजीला होती, भावजी. ह्यांना न्हाई!"

नव्या जिल्ह्याची हद्द आखतानाही एवढे तज्ज्ञ लागले नसतील.

अखेर गुरम्माने तो चेहरा पुसून टाकला. रिवाजाप्रमाणे ती जन्मभर नवऱ्याच्या मागून चालली होती. तिने एका दमात त्यांची पाठ काढली: उतरता डावा खांदा, मानेवरची वळी, मागे बांधलेले हात.

धोंडप्पाने तोंडातली बिडी झटकन मुठीत लपवली.

"ओढा की, भावजी," गुरम्मा डोळे पुसत म्हणाली. "ते कधी मागं वळून बघत होते?"