मत बदललेल्यांसाठीचे प्रश्न

चार वाजायला दोन मिनिटे असताना एर्विन टेस्केने स्वयंपाकघरातल्या फोनशेजारची खुर्ची उचलून पलीकडच्या भिंतीला लावून ठेवली. दोन मिनिटांच्या बोलण्याला खुर्ची लागत नाही. मग उभ्यानेच त्याने वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली आणि बातमीखालची बारीक अक्षरांतली ओळ वाचली.

ती ओळ सहसा कुणी वाचत नाही. बातमी मात्र सगळ्यांनी वाचली होती: मिशिगन सरोवराकाठच्या जिल्ह्यांत सत्तरी ओलांडलेले पुरुष अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या होल्कमपासून दूर जात आहेत, कारण होल्कमने उपाध्यक्षपदासाठी जोडीला घेतलेल्या ड्युरँडबाई त्यांना पटत नाहीत. खालची ओळ एवढेच सांगत होती की मतचाचणीत या गटातले नऊजण होते.

एर्विनने एकतीस वर्षे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासले होते. नऊ नमुन्यांच्या भरवशावर त्याने नळाचे पाणीसुद्धा कुणाला पिऊ दिले नसते. शिवाय त्या नऊंतला एक नमुना कुणी नासवला, हे त्याला ठाऊक होते.

सकाळीच शेजारचा व्हर्न अंगणातली पाने गोळा करता करता कुंपणापाशी आला होता.

"वाचलंस का रे एर्विन? म्हातारे डळमळले म्हणे! या गल्लीत तुझ्यामाझ्याशिवाय म्हातारं उरलंय कोण? आणि मी तर जुलैपासून दारात होल्कमची पाटी ठोकून बसलोय."

"नऊजण होते," एर्विन म्हणाला. "नऊ म्हणजे काहीच नाही."

"काहीच नाही कसं? ड्युरँडबाईंची शनिवारची सभा रद्द झाली. तिला इथं आणली तर होती ती मतंही जातील म्हणे. आमच्या हिने सभेसाठी कोट धुऊन ठेवला होता, लेका! सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. जसा काही मीच डळमळलो!"

एर्विन हसला नाही. व्हर्नच्या घरात कुणी कुणाशी अबोला धरू शकते, एवढीच गोष्ट त्याच्या मनात राहिली.

सुरुवात खरेपणानेच झाली होती. मतदारांच्या मनाचा माग ठेवणारी एक संस्था जुलैपासून दर गुरुवारी त्याच त्या माणसांना फोन करीत होती. पहिले काही आठवडे एर्विनचे मत होल्कमलाच होते. चार प्रश्न, दोन मिनिटे, आभार. मग होल्कमने ड्युरँडबाईंचे नाव जाहीर केले. बाई गुरांच्या डॉक्टर, राजकारणात येऊन जेमतेम चार वर्षे झालेली. आता आपल्याला खात्री वाटत नाही, असे एर्विनने सरळ सांगितले. तेव्हा डार्ला नावाच्या त्या फोनवरच्या बाईने विचारले, "का?"

मत बदललेल्यांसाठी वेगळे प्रश्न होते. ते तेवीस मिनिटे चालले. मार्चमध्ये बायको, मार्लीस, गेल्यापासून त्याला इतक्या वेळा 'का' असे कुणी विचारले नव्हते.

पुढच्याच सोमवारी टीव्हीवर ड्युरँडबाईंना जुन्या शिशाच्या नळांबद्दल विचारले गेले. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माहिती घेऊन सांगते." मुलाखत घेणारा हसला. एर्विनची शंका मात्र तिथेच मिटली. सत्तेवर बसू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून ते वाक्य ऐकायला तो एकतीस वर्षे थांबला होता.

गुरुवारी त्याने सांगितले की आता मुळीच पटत नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी पटले, मग पुन्हा पटेनासे झाले. असे सहा आठवडे, आणि दर वेळी ते लांबलचक प्रश्न. दर बुधवारी तो नवी कारणे कागदावर लिहून ठेवू लागला होता.

फोन वाजला.

"मिस्टर टेस्के, डार्ला बोलतेय. तळघरातलं पाणी ओसरलं का हो?"

"ओसरलं."

"सुटलात! मग सुरू करू या? आज निवडणूक झाली तर मत कुणाला?"

"होल्कम आणि ड्युरँड."

"अगं बाई, म्हणजे पुन्हा बदललं! थांबा हं, ते प्रश्न काढते—"

"बदललेलं नाही." त्याने ओट्याच्या कडेला हात टेकला. "ऑगस्टपासूनच बदललेलं नाही. मधल्या सहा आठवड्यांची उत्तरं खोटी होती. ती खोडून टाका."

पलीकडून आसपासच्या टेबलांवरची बोलणी ऐकू येत होती. कुणीतरी कुणाला तरी वय विचारत होते.

"खोडता येत नाहीत," डार्ला म्हणाली. "उत्तरं भरवशाची नसतील तर एक चौकट असते. तिच्यात खूण केली की त्या माणसाची सगळी उत्तरं बाजूला काढतात."

"मग करा खूण."

"पण मग आम्ही त्या माणसाला पुन्हा फोन करत नाही, मिस्टर टेस्के."

"कळलं मला. करा."

कळ दाबल्याचा बारीक आवाज आला. एर्विनने घड्याळाकडे पाहिले. चार वाजून दोन मिनिटे. अंदाज बरोबर ठरला होता. आता संस्थेच्या वतीने आभार मानणारे ते नेहमीचे वाक्य येईल, म्हणून तो थांबला. ते आले नाही.

"मिस्टर टेस्के?"

"बोला."

"ड्युरँडबाई तुम्हाला का आवडतात?"

मत न बदललेल्यांना 'का' विचारीत नसत. खूण केलेल्यांना तर काहीच विचारायचे नव्हते. फोनची गुंडाळलेली तार ताणत एर्विन पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि मोकळ्या हाताने खुर्ची परत ओढून आणू लागला.