धुणंघरावरची पूररेषा

दगडात कोरलेली रेघ चार मिलिमीटर रुंद होती आणि दोन मिलिमीटरांहून किंचित जास्त खोल. उजव्या अर्ध्या भागात करड्या दगडफुलाने ती भरून टाकली होती. डावीकडे मात्र छपराच्या पन्हळीचं पाणी सतत दगड धुऊन काढी, त्यामुळे तिथे काही धरलं नव्हतं, आणि रेघेखालचा आकडा रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येई : १९१२. त्या वर्षी ओरेझ नदी इथवर चढली होती, असं तो दगड सांगत होता. दगड खोटं सांगत होता, आणि ते सोव्हाक गावात फक्त रोझलिन व्हेसादला माहीत होतं.

सकाळचे साडेनऊ झाले होते. सप्टेंबरातला तिसरा शनिवार, म्हणजे जुन्या वास्तू सगळ्यांना दाखवायचा दिवस. दहा वाजता चर्चच्या पायऱ्यांवर पाहुणे जमणार होते आणि रोझलिन त्यांना गाव दाखवणार होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून, सहा वर्षं, हे काम ती बिनपगारी आणि आवडीने करत होती. त्याआधी एकतीस वर्षं तिने याच गावातल्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवलं होतं.

चूक चौदा वर्षांपूर्वीची. बायका पूर्वी जिथे एकत्र धुणं धुवायच्या त्या गावच्या जुन्या धुणंघराची नदीकडची भिंत फुगली होती, ती उतरवून पुन्हा बांधायची होती. पुराचा दगड काढण्याआधी त्याची उंची कुणीतरी नीट मोजायला हवी होती, आणि असं काम आलं की सगळ्या गावाला एकच नाव सुचे. रोझलिनने टेप धरला. जमिनीपासून रेघेपर्यंत एक मीटर शहाऐंशी. तिने ते वहीत लिहिलं, खाली सही केली. पुढच्या वर्षी भिंत उभी राहिली तेव्हा तिनेच पुन्हा टेप धरला, एक मीटर शहाऐंशीवर खडूची खूण केली आणि गवंड्याने दगड बसवला. मधल्या हिवाळ्यात गटाराचे पाइप टाकायला भिंतीलगतची गल्ली खणली गेली होती आणि नवी फरसबंदी जुन्यापेक्षा खाली गेली होती, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. रोज त्याच गल्लीतून ती शाळेत जात होती.

ते कळलं पाच वर्षांपूर्वी, जुन्या बाजारात मिळालेल्या एका पोस्टकार्डामुळे. कार्डावर बाह्या सरसावलेल्या चार बायका धुणं धूत होत्या आणि त्यांच्या मागे भिंतीत एक छोटी खिडकी होती. पुराचा दगड खिडकीला चिकटून होता, रेघ बरोबर खिडकीच्या खालच्या कडेला, छपराच्या आताच्यापेक्षा बरीच जवळ. ती खिडकी रोझलिन गावात येण्याआधीच बुजवली गेली होती, आणि नव्या भिंतीत तिची खूणही उरली नव्हती. रोझलिनने शेजारच्या घराच्या जोत्यावर जुन्या रस्त्याचा डाग शोधला, तीनदा मोजला. फरक एक्केचाळीस सेंटिमीटर.

तेव्हाच सांगितलं असतं तर गावाने दोन दिवस चेष्टा केली असती आणि विषय संपला असता. तिने कार्ड कपाटाच्या खणात ठेवलं. पाहुण्यांना दाखवायची रेघ, त्यात कुणाचं काय नुकसान, असं स्वतःला समजावलं. मग दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने नदीकाठच्या कुरणात म्हाताऱ्या माणसांसाठी सहा बैठी घरं बांधायचं ठरवलं. इंजिनियरने विचारलं, आजवरचा मोठा पूर किती? महापौरांनी रोझलिनच्या सहीचा कागद पुढे केला. फरशीची उंची रेघेपेक्षा तीस सेंटिमीटर वर धरली गेली.

म्हणजे खऱ्या पाण्याखाली अकरा.

हे अकरा सेंटिमीटर दोन वर्षं तिने कुणाला सांगितले नव्हते. सभेत ती दोनदा उठली आणि दोनदा पार्किंगबद्दल काहीतरी बोलून बसली. एकदा पोस्टकार्ड पर्समध्ये घालून थेट नगरपालिकेत गेली. खिडकीतल्या मुलीने हसून विचारलं, "बाई, तुमचं काय काम?" तर म्हणाली, कचऱ्याच्या पिशव्या हव्यात. पिवळ्या पिशव्यांचं भेंडोळं काखेत मारून ती घरी आली आणि स्वयंपाकघरात कोट न काढता बराच वेळ बसून राहिली. गेल्या उन्हाळ्यापासून तर तिने पाहुण्यांना धुणंघराकडे नेणंच बंद केलं होतं. तिकडे वाट निसरडी आहे, असं सांगे.

सोमवारी घरांच्या फरशीचं काँक्रीट ओतायचं होतं.

दहाला नऊ पाहुणे जमले. उत्तरेतल्या लील शहरातून आलेलं एकसारख्या निळ्या रेनकोटातलं जोडपं, एक उंच डच गृहस्थ, कुत्रं कडेवर घेतलेली एक बाई, आणखी काही. पाठोपाठ चाकांच्या आधारगाडीचा खडखडाट आला. आर्लेत कासान्य. वय सत्त्याऐंशी, शाळेची पूर्वीची स्वयंपाकीण. रोझलिन पंधरा वर्षं तिच्या हातचं जेवली होती.

"आर्लेत, तुम्ही कशाला आलात? चढ आहे पुढे."

"अगं, जन्म गेला या गावात, पण गाव बघितलं कुठे? सदानकदा कांदे चिरत होते. आज बघते." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "ही मास्तरीण सांगेल ते लिहून घ्या हं. नंतर परीक्षा घेते."

पाहुणे हसले. तेवढ्यात महापौर एर्वे बुईसू आला. सेहेचाळीस वर्षांचा, गोल, घाईतला. गळ्यात कचेरीतला टाय होता पण पायात बागेतले बूट.

"बाई, आज मी पण विद्यार्थी. आणि धुणंघर सोडायचं नाही बरं का. मला तिथून सगळ्यांना कुरण दाखवायचंय."

"वाट निसरडी आहे, एर्वे."

"कालच झाडून घेतलीय. आता सबब चालणार नाही."

रोझलिनने मान हलवली आणि चर्चच्या दारावरच्या कोरीव मुखवट्यांपासून सुरुवात केली. एकूण तेवीस, त्यातला एक जीभ काढून दाखवणारा. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, वाक्यं नेहमीचीच. फक्त प्रत्येक आकडा तोंडातून निघाला की तिला वाटे, हा तरी मी नीट मोजलाय का? तिने मनात मुखवटे पुन्हा मोजले. तेवीसच होते. त्याने बरं वाटलं नाही.

बेकरीपाशी अक्रोडाच्या केकचे तुकडे वाटले गेले. आर्लेतने एक तोंडात टाकला, एक रुमालात बांधला. खाली उतरताना ती रोझलिनच्या शेजारून चालू लागली.

"पडदे झाले बघ शिवून. तू मापं दिलीस तश्शीच बसणार. निळे घेतले. पहिल्या नंबरचं घर मिळालंय मला, अगदी नदीलगतचं. सकाळी उठले की खिडकीतून बगळा दिसणार."

"हो."

"हो काय? जरा खूश हो की. आताच्या घरात तो जिना चढवत नाही म्हणून वर्षभर चुलीपाशी खाट टाकून झोपतेय. पुतण्या म्हणत होता, शहरातल्या वृद्धाश्रमात चला. म्हटलं, तूच जा."

रोझलिनने तिच्या पायांकडे पाहिलं. कापडी चपला, सुजलेले घोटे. अकरा सेंटिमीटर म्हणजे बरोबर त्या घोट्यांच्या वरपर्यंत. तिने नजर वळवली आणि पाहुण्यांना जुनी लोखंडी कडी दाखवली, जिला पूर्वी होडीचा दोर बांधत. डच गृहस्थाने विचारलं, नदी इथे किती रुंद? "अडतीस मीटर," ती म्हणाली, आणि लगेच जोडलं, "उन्हाळ्यात."

ते पाणचक्कीवरून पुढे गेले. पाणी आज कमी होतं, तळाचे गोटे दिसत होते. पलीकडे कुरणात लाकडी साचे ठोकून झाले होते, आत लोखंडी जाळी अंथरली होती. सहा चौकोन. एर्वेने हात पसरून सगळ्यांना ते दाखवलं.

"सोमवारी काँक्रीट. डिसेंबरपर्यंत घरं उभी राहिली तर प्रांताचं अनुदान मिळतं, नाहीतर गेलं. म्हणून माझी ही धावपळ. बायको म्हणते, तू त्या कुरणातच झोप."

"एक दिवस जरी उशीर झाला तर?" कुत्रंवाल्या बाईने सहज विचारलं.

"तर आर्लेत माझ्या घरी राहायला येणार!"

"तुझ्या बायकोच्या हातचं खायला? त्यापेक्षा वृद्धाश्रम बरा," आर्लेत म्हणाली.

सगळे हसत हसत धुणंघरापाशी पोचले. छपराखाली गारवा होता, दगडी टाक्यात झऱ्याचं पाणी वाहत होतं. पाहुणे भिंतीपुढे अर्धवर्तुळात उभे राहिले आणि रोझलिनकडे पाहू लागले. तिने तोंड उघडलं. धुणंघर अठराशे एकोणसाठचं, एका वेळी सोळा बायका. टाक्याचे तीन भाग, साबणाचा, विसळण्याचा, निळीचा. हे सगळं ती बोलली. मग थांबली. दगडाविषयी बोलायची पाळी आली होती. तिने टाक्याच्या काठावर हात टेकला.

एर्वेला वाटलं, बाई दमल्या. तो पुढे झाला.

"हा बघा, एकोणीसशे बाराचा पूर. आमची नवी घरं याच्याही तीस सेंटिमीटर वर आहेत. आणि ही रेघ अगदी अचूक बरं का, कारण ती बाईंनी मोजलीय. तुम्हाला माहीत नाही यांचा हिशोब! चौथीत मी पट्टीच्या तुटलेल्या टोकापासून मोजलं होतं. बाईंनी सगळ्या वर्गापुढे उभं केलं. म्हणाल्या, आधी शून्य कुठे आहे ते बघ, मग मोज. अजून स्वप्नात येतं मला!"

पाहुणे हसले. रोझलिनला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवल्या. तो रडला होता त्या दिवशी. तेही तिला आठवलं, आणि आपण त्याला रडू दिलं होतं, शिकेल म्हणून, तेही.

"इथवर?" आर्लेतने आधारगाडी भिंतीला लावली आणि मान वर केली. "नाही रे. आई सांगायची, पाणी खिडकीतून आत शिरलं. तिच्या आईने सांगितलेलं तिला. खिडकीत ठेवलेल्या साबणाच्या वड्या तरंगत गेल्या आणि आठवडाभर नदीला फेस येत होता."

"कुठली खिडकी, आर्लेत?" एर्वेने भिंतीवर थाप मारली. "सपाट भिंत आहे ही."

"होती. इथे कुठेतरी होती. तू लहान होतास."

"आणि आठवडाभर फेस!" एर्वेने पाहुण्यांकडे बघून डोळा मिचकावला. "कासान्यांच्या घरी मासासुद्धा बकरीएवढा असायचा."

या वेळी हसणं मोठं होतं. निळ्या रेनकोटातल्या बाईने तोंडावर हात धरला. आर्लेतही हसली, पण तिचा हात गाडीच्या दांड्यावर सरकत राहिला, धरायला काही सापडत नसल्यासारखा.

"असेल बाबा," ती म्हणाली. "सत्त्याऐंशीच्या बाईचं डोकं. रोझलिनने मोजलंय म्हणजे तसंच असणार. मी आपलं ऐकलेलं सांगितलं." आणि रोझलिनकडे बघून, ओशाळून, "रागावू नकोस हं. तुझ्या कामात तोंड घातलं."

आपल्या जागी ही बाई ओशाळली आहे. रोझलिनला ते इतकं स्पष्ट दिसलं की क्षणभर दुसरं काही दिसेना. अनुदान जाईल. घरं कदाचित होणारच नाहीत. आर्लेतला शहरातल्या त्या इमारतीत जावं लागेल, जिथे खिडक्या पार्किंगकडे उघडतात, आणि गाव म्हणेल की हे रोझलिनमुळे झालं, आणि ते खरंच असेल. पुढच्या वर्षी पाहुण्यांना गाव दुसरं कुणीतरी दाखवेल. एर्वे घड्याळ बघत होता. पाहुणे निघायच्या बेतात होते. कुत्रंवाल्या बाईने कुत्र्याला खाली सोडलंसुद्धा होतं.

"चला, आता पूल," एर्वे म्हणाला.

"थांब," रोझलिन म्हणाली.

आवाज वर्गातला निघाला होता. तो थांबला. सगळेच थांबले.

"आर्लेत बरोबर सांगताहेत. खिडकी होती. ती फार पूर्वी बुजवली, आणि भिंत नवी बांधली तेव्हा तिची खूणही गेली. पाणी खिडकीच्या कडेपर्यंत आलं होतं, या रेघेच्या एक्केचाळीस सेंटिमीटर वर." तिने हात उंच करून बोट भिंतीवर टेकवलं. "गल्ली खणून खाली गेली होती आणि मी खालच्या जमिनीपासून मोजलं. दगड मी चुकीच्या जागी बसवून घेतला."

"बाई, काय बोलताय तुम्ही?" एर्वे हळू आवाजात म्हणाला. "दमलात का? बसा जरा."

"मी दमले नाही. पाच वर्षांपासून मला माहीत आहे. माझ्याकडे पुरावा आहे, घरी खणात. तुझा इंजिनियर माझ्या सहीवर विसंबला. तूही विसंबलास."

एर्वेने कुरणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, जागेवरच राहिलं होतं. टाक्यातलं पाणी वाहत होतं. आर्लेत तिच्याकडे टक लावून बघत होती.

तिने भिंतीवरचा हात खाली घेतला.

"सोमवारी काँक्रीट ओतायचं नाही, एर्वे. त्या फरशीवर पाणी येणार आहे. मी आत्ता तुझ्याबरोबर नगरपालिकेत येते आणि हे लिहून देते."