कप्प्याच्या झाकणावरची सही

गुरुवार म्हणजे व्हर्न टॅकेटचा दिवस. टेलिग्राफ रोडवरच्या हॉटडॉगवाल्याच्या मागचं ते पार्किंग माहितीय ना, चार वाजले की तिथं जुन्या गाड्या यायला लागतात, बॉनेटं उघडतात, घडीच्या खुर्च्या पसरतात, आणि म्हातारे एकमेकांच्या इंजिनात डोकी घालून बसतात. आणि सगळ्यात जास्त गर्दी कुणाभोवती? ज्याच्याकडे जुनी गाडीच नाही त्याच्याभोवती! कारण व्हर्नकडे गोष्ट होती.

"एकोणसत्तरचा ऑगस्ट," तो सुरू करायचा. "सिग्नलला माझी हिरवी जीटीओ, शेजारी निळी शेव्हेल. आणि तो शेव्हेलवाला काच खाली करून म्हणतो, बापाला विचारून आणलीस का रे गाडी?"

"मग?" सगळ्यांना पाठ होतं तरी विचारायचे.

"मग काय! दिवा हिरवा झाला, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत त्याला फक्त माझे मागचे दिवे दिसले."

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको रोझली बटाट्याच्या सॅलडचा डबा मांडीवर घेऊन बसलेली असायची. पंच्याहत्तर वर्षांची, बारीक, कंबर दुखरी. तिलाही गोष्ट पाठ होती, आणि असणारच, कारण घडली होती ती तिच्याबाबतीत. शेव्हेलवाला "बापाला" म्हणाला नव्हता, "नवऱ्याला विचारून आणलीस का गं" म्हणाला होता. स्टिअरिंगवर रोझली होती. व्हर्न शेजारी बर्गरची पिशवी छातीशी धरून, जिथं ब्रेक नाही तिथं पाय दाबत ओरडत होता, "हळू, रोझ, हळू, मरू आपण!"

लग्नानंतर पहिली काही वर्षं तो अगदी कौतुकानं सांगायचा हां, "आमच्या रोझनं काय पळवली!" मग कधीतरी "आम्ही पळवली" झालं. मुलं शाळेत जायला लागली तोवर "मी" झालं. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा उठून स्वयंपाकघरात गेली. तिसऱ्यांदा बोलायचं तर चार माणसांत नवऱ्याचं तोंड पाडायचं, म्हणून गप्प राहिली. आणि मग गप्प राहायची सवयच पडली, चाळीस वर्षं.

गाडी तिची होती. पूर्ण तिची. जीटीओ बनायची त्या पॉन्टियॅकच्या कारखान्यात ती सीटची कव्हरं शिवायची, तेव्हा ती रोझली कुबाकी होती, वीस वर्षांची. दोन वर्षं जादा पाळ्या करून पैसे साठवले. विक्रेता म्हणाला, "वडलांना घेऊन या." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे घ्या वडील." शिलाईखात्यातल्या मैत्रिणींनी तिच्या ऑर्डरचा कागद शोधून काढला, मशीनवर तिलाच बसवलं, आणि मागच्या सीटचं कव्हर तिनं स्वतःच्या हातानं शिवलं. आतून, जिथं कुणी बघणार नाही तिथं, लाल दोऱ्याची एक ओळ टाकली. उगीच. आपली म्हणून.

पुढं बहात्तरला लग्न, त्र्याहत्तरला पोरगी झाली आणि पेट्रोलची बोंब. ती इस्पितळात पडलेली असताना व्हर्न सह्यांचे कागद घेऊन आला. "इथं कर, इथं कर, आणि इथं." तिनं केल्या. बाळाला घेऊन दारात आली तर समोर जीटीओच्या जागी तपकिरी स्टेशन वॅगन उभी. "कशी आहे?" व्हर्न म्हणाला. "मागं पाळणासुद्धा मावतो." शेवटची सही कशावर होती ते तिला तेव्हा कळलं.

तर हे असं सगळं. आणि परवाच्या गुरुवारी काय व्हावं, एक मोठा पिकअप पार्किंगमध्ये शिरला, मागं झाकलेला ट्रेलर, आणि आतून एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस उतरला.

"आला बघा," ड्वेन म्हणाला. ड्वेन म्हणजे क्लबचा अध्यक्ष, भोंगा कायम हातात. "चालवत नाहीत हे लोक, पाळण्यात घालून आणतात."

माणसाचं नाव क्रेग, ग्रँड रॅपिड्सचा दातांचा डॉक्टर. त्यानं ट्रेलरचं दार खाली सोडलं, आत गेला, आणि इंजिन चालू झालं. रोझलीनं अजून गाडी बघितलीसुद्धा नव्हती. पण तिचा डावा पाय आपोआप उचलला गेला आणि जमिनीवर दाबला गेला, क्लच दाबतात तसा. मग ती बाहेर आली. हिरवी. बॉनेटवर, काचेच्या बाहेर बसवलेला तो आरपीएमचा काटा. तीच.

व्हर्नचं बोलणं अर्ध्यात तुटलं.

क्रेग सगळ्यांशी हात मिळवत सुटला. गाडी एका धान्याच्या कोठारात सापडली, चार वर्षं खपून उभी केली, बोल्टन् बोल्ट. "आणि हे बघा," त्यानं खिशातून एक पत्र्याची पट्टी काढली, अगदी जपून. वॉरंटीच्या पुस्तकात चिकटवून देत असत ना पूर्वी, गाडीचे नंबर आणि पहिल्या मालकाचं नाव ठोकलेली, ती. "मला या नावाचं माणूस शोधायचंय. कुणी ओळखतं का? आता पंच्याहत्तरीचं तरी असेल."

ड्वेननं पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि भोंग्यात ओरडला, "रोझली कुबाकी! कुणाला माहितीय का हो, रोझली कुबाकी! अरे, ही तर बाई निघाली!"

लोक हसले. रोझलीच्या हातात मोहरीच्या चटणीची बाटली होती, ती तिनं खाली ठेवली. आता सांगेल तो. इतक्या वर्षांनी पट्टी चालत आलीय दारात, आता सांगावंच लागेल त्याला. तिनं चक्क केस नीट केले हो!

"मी ओळखायचो," व्हर्न म्हणाला. "बिचारी गेली. बहात्तर साली. तिच्याकडूनच घेतली मी."

रोझली त्याच्याकडे बघत राहिली. बहात्तर. म्हणजे मारायला त्याला दुसरं सालसुद्धा नाही सुचलं, लग्नाचंच सुचलं.

तो तिच्याकडे बघतच नव्हता. आणि ड्वेनला "रोझली" हे नाव ऐकून काही वाटलं का? छे! त्याच्या तोंडी ती गेली वीस वर्षं "व्हर्नची बायको" होती.

"म्हणजे ही तुझी ती गाडी, निळ्या शेव्हेलवाल्या गोष्टीतली?" ड्वेन ओरडला. क्रेगचा चेहरा एकदम उजळला. "सर, अहो, मी तर तुम्हालाच शोधत होतो मग! ही घ्या किल्ली. जुन्या मालकानं एक फेरी मारायची, मग डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावर आतून सही करायची. जगात सगळे असंच करतात."

"व्हर्न! व्हर्न!" सगळे ओरडायला लागले. कुणी त्याची टोपी सरळ केली, कुणी काठी घेतली, दोघांनी धरून त्याला सीटवर बसवलासुद्धा.

आणि व्हर्नला गिअरची गाडी येत नव्हती. कधीच आली नाही! ती शिकवायला गेली होती, तीन रविवार, तिसऱ्या रविवारी तो चिडून चालत घरी गेला होता. पुढं आयुष्यभर ऑटोमॅटिकच.

रोझली खिडकीपाशी गेली. आत व्हर्न गिअरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"रोझ," तो ओठ न हलवता म्हणाला, "काहीतरी कर."

"मेलेल्या बायका काय करणार?" ती म्हणाली.

गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा गचका. तिसऱ्यांदा गिअरनं असा कर्रर्र आवाज काढला की क्रेगनं डोळेच मिटून घेतले. रोझलीला वाटलं, आता. आता कुणीतरी हसेल, विचारेल, की अरे, ही गाडी तू पळवलीस म्हणतोस?

"गुडघा!" ड्वेन ओरडला. "अरे, त्याचा गुडघा बदललाय, जबरदस्ती काय करताय म्हाताऱ्यावर!"

"हो, गुडघाच," व्हर्न म्हणाला.

आणि टाळ्या वाजवल्या लोकांनी! गाडी एक फूट पुढं गेली नाही आणि टाळ्या!

मग रोझलीनं दार उघडलं. "उतर," ती म्हणाली. व्हर्न उतरला. क्रेग धावत आला, "मॅडम, फोटो काढायचाय का? त्या बाजूनं बसा ना, शेजारच्या सीटवर..." ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली, सीट दोन खाचा पुढं ओढली.

"अहो, तिचं हल्ली जरा..." व्हर्ननं स्वतःच्या डोक्याजवळ बोट फिरवलं, अगदी हळूच, क्रेगला दिसेल इतकंच.

तिलाही दिसलं. आरशात.

क्रेग पटकन शेजारी शिरून बसला, किल्ली काढून घ्यायला म्हणून. पण किल्ली फिरली होती, क्लच दबला होता, आणि गाडी अशी निघाली, अशी, की जणू लोण्यातून सुरी. पार्किंगमधून रस्त्यावर, पहिला, दुसरा, बॉनेटवरचा काटा वर चढताना तिसरा. क्रेगनं हात मांडीवर ठेवले.

मजा आली का तिला? तेच तर सांगतोय. नाही आली. क्लच दगडासारखा जड, कंबरेत कळ, आणि सिग्नलला शेजारी जी गाडी आली तिच्यातली पोरगी फोनमध्ये बघत होती. गाडीला काही झालं नव्हतं, ती अजून एकोणसत्तरातच होती. म्हातारी झाली होती ती रोझली एकटी.

"मागची सीट कुठाय?" तिनं विचारलं. "जुनी."

"फेकली. उंदरांनी खाल्ली होती. ही नवी आहे, पण टाका न् टाका हुबेहूब."

"आतून लाल दोरा होता."

क्रेग वळून तिच्याकडे बघायला लागला. "होता," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं कुणीतरी नंतर दुरुस्ती... मॅडम, तुमचं लग्नाआधीचं नाव काय हो?"

तिनं सांगितलं. नाव, सीट, शेव्हेल, सगळंच.

क्रेग म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांना. आत्ता. भोंग्यावरून."

आणि सांगितलं हो त्यानं! परत आल्या आल्या ड्वेनच्या हातातून भोंगा ओढून घेतला, म्हणाला, पहिली मालकीण जिवंत आहे, हीच ती, गाडी हिनं घेतली, हिनं पळवली, सीट हिनं शिवली. रोझली दाराला धरून उभी. व्हर्न आपल्या बुटांकडे बघत होता.

आणि ड्वेन खो खो हसायला लागला. "व्हर्न, लेका, जित्या बायकोला मारलंस!" मग सगळेच हसले, पोटं धरून. "म्हणजे गाडी घरातलीच की रे! आणि काय चालवते वहिनी! मानलं, व्हर्न, काय शिकवलंयस तिला!"

व्हर्ननं मान वर केली. एक क्षणभर तो रोझलीकडे बघत होता, आणि तिला खरंच वाटलं, आता तरी. फार नाही, एक वाक्य.

"वेळ लागला," व्हर्न म्हणाला, "पण शिकली."

काय हशा उसळला! कुणीतरी त्याच्या हातात थंडगार जिंजर एल दिलं, कुणी खुर्ची सरकवली, आणि "पहिल्यापासून सांग, पहिल्यापासून" सुरू झालं.

क्रेग एकटा हसला नाही. त्यानं डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि तिच्या हातात काळं पेन दिलं. रोझली वाकली, कंबर धरून. आधी नाव लिहिलं, रोझली कुबाकी. हात अडखळला, पन्नास वर्षांत लिहिलं नव्हतं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, मृत्यू १९७२. क्रेगनं वाचलं, आणि झाकण हळूच बंद केलं.

"काय लिहिलंस एवढं?" व्हर्ननं खुर्चीतूनच विचारलं.

"तू सांगितलंस तेच," ती म्हणाली, आणि आपल्या ऑटोमॅटिकची किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला.