मागचंच माप

मास्तरांच्या जुन्या कॉम्प्युटरमधली सगळी माहिती अखेर कायमची पुसली गेली आणि कुणाच्याही हाती काही लागलं नाही. तर हे अजून घडलेलंच नाही असं धरून आपण सुरुवात करू.

मास्तर शिंपी. दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, "मागचंच माप धरा." मास्तर मान डोलवायचे, गप्पांच्या ओघात टेप फिरवायचे आणि खरा आकडा गुपचूप कॉम्प्युटरमध्ये टाकायचे. शाळेच्या मुख्याध्यापिका कित्येक वर्षं स्वतःला तीस इंची समजत होत्या आणि सुखात होत्या. अख्ख्या गल्लीचा घेर मास्तरांनी असा पोटात ठेवला होता. धंद्याची इभ्रत म्हणतात ती हीच.

नवा कॉम्प्युटर आला आणि बायकोने जुना आपल्या भावाला देऊ केला; तो उद्या येऊन नेणार होता. मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"दाजी, मी उघडून बघणार नाही," मेहुणा म्हणाला. "बघितलं तरी कुणाला सांगणार नाही. सांगितलंच तर नाव सांगणार नाही."

मास्तर तडक लेकीकडे गेले. त्यांनी लेकीला विचारलं, "डिलीट केलं की झालं ना?"

"नाही बाबा. डिलीट केलेलं परत काढता येतं. त्याच्यावर दुसरं काहीतरी लिहावं लागतं, मग जुनं सापडत नाही. थांबा, मी कॉलेजातून आले की करते. त्याचा प्रोग्राम असतो."

पण कापड हातात असताना मास्तर कधी कुणासाठी थांबले नव्हते. लेकीची पाठ वळताच त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर मापांची यादी उघडली आणि एकेका कमरेवर दुसरी कंबर लिहायला घेतली. बँक मॅनेजर, तीस. मुख्याध्यापिका, तीस. मेहुणा, तीस, नात्याचा मान म्हणून. दुपारपर्यंत गल्लीत कुणालाच पोट उरलं नाही.

संध्याकाळी लेकीने प्रोग्राम लावून डिस्क कोरी केली, मग नवा कॉम्प्युटर बघितला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, यादी दोन्हीकडे एकच होती. इकडे बदललं की तिकडे बदलतं. मीच जोडून दिलं होतं."

मास्तर आत धावले. कारागीर नव्या पडद्यावर बघून कापत होता. दिसेल ते कापायचं, विचार करायचा नाही, या एका गुणावर त्याला ठेवला होता. हातातल्या सगळ्या ऑर्डरी त्याने कापून रचल्या होत्या.

"आज काम एकदम सोपं होतं मास्तर," तो म्हणाला. "सगळे सारखेच."

"आता लोकांना खरं सांगा," बायको म्हणाली.

"काय सांगू? तुम्ही तीस इंची नाही म्हणून?"

बायको कापलेल्या ढिगात शोधाशोध करू लागली. तिचाही एक स्कर्ट त्यात होता.

सकाळी दुकानाच्या काचेवर सूचना लागली:

"सर्व माननीय ग्राहकांच्या इच्छेनुसार कपडे मागच्याच मापाने कापण्यात आले आहेत. तरी संबंधितांनी ट्रायलपूर्वी आपली कंबर तीस इंचांवर आणून दुकानास सहकार्य करावे, ही नम्र विनंती."